ठिपक्यांचा कागद

मुलीच्या मानेवरची ती खडबड मला पहिल्यांदा दिसली ती तिचा खोपा घालताना. इथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. एरवी केस मोकळे सोडून फिरणारी ही मुलगी त्या दिवशी काळी नऊवारी नेसायला तयार झाली होती, म्हणून खोपा हवा होता. मी केस वर उचलले आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बारीक, पिवळसर पुटकुळ्या दिसल्या, एकीला लागून एक. आधी मला वाटलं मळ आहे. मी टॉवेलचं टोक ओलं करून चांगलं घासलं.

"आई, दुखतंय," ती म्हणाली.

"हे कधीपासून आहे?"

"काय?"

"मानेवर."

"असंच आहे," ती म्हणाली आणि आरशात टिकली सरळ करू लागली.

सोळा वर्षांच्या मुलीला असंच आहे म्हणून सोडून देता येतं. मला येत नाही. त्या हळदीकुंकवात मी कुणाशी धड बोलले नाही. तिळगूळ देताना समोरच्या प्रत्येक बाईची मान बघत होते.

माझा नवरा म्हणतो, तुला काळजी करायला कारण लागत नाही, रिकामा वेळ लागतो. तो बँकेत आहे. बदलीवर कोलकात्याला आलो तेव्हा मुलगी बालवाडीत होती. दोन-तीन वर्षांत परत जाऊ म्हणत म्हणत इथेच राहिलो, बागबाजारात एका जुन्या घराच्या पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण राहतात, त्यांना सगळी गल्ली मासीमा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. नवऱ्याची शाखा आता बराकपूरला आहे. सकाळी सगळं जग शहरात येत असतं तेव्हा तो उलटा बाहेर जातो आणि त्याला गाडीत बसायला जागा मिळते, याचं त्याला अजून अप्रूप आहे. मी एका शाळेत गणित शिकवते. ज्याला एक उत्तर आहे आणि ते ताडून बघता येतं, असं मला आवडतं. कदाचित म्हणूनच घरात जे ताडून बघता येत नाही त्यानं माझी झोप उडते.

खडबड माझ्याही मानेला होती, पण ती मंगळसूत्राची. लग्नानंतर वर्षभरात माझ्या लक्षात आली. आमच्या आत्यानं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बोट फिरवून बघितलं आणि निकाल दिला: "घट्टा आहे. सगळ्यांनाच पडतो, मलाही होता." तरी मी तारेतलं मंगळसूत्र काढून दोऱ्यात ओवून घेतलं, मग मणी बदलले, मग फक्त सणाला घालायचं ठरवलं. फरक पडला नाही, म्हणून पुन्हा रोज घालायला लागले. हळूहळू गळ्याभोवती ओढणी नीट गुंडाळून घ्यायची सवय लागली आणि तो विषय मी विसरले. मुलीच्या गळ्यात मात्र मंगळसूत्र नव्हतं.

आत्या सासू कशी, हे इथे नेहमी सांगावं लागतं. मी माझ्या आतेभावाशी लग्न केलं आहे. आमच्याकडे मामाची मुलगी करणं ही रीतच. माझी आईसुद्धा बाबांच्या मामाची मुलगी. लहानपणी ज्याला मी "अरे" म्हणून पतंगाच्या मांज्यावरून बोचकारलं होतं, त्याला लग्नानंतर "अहो" म्हणायला लागले, आणि गावाकडे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोलकात्यात मी हे एकदाच शिक्षकांच्या खोलीत सांगितलं होतं. सगळ्या जणी हसल्या, मग हसू आवरून गप्प झाल्या. त्यानंतर मी ते सांगणं सोडलं.

त्वचेच्या डॉक्टरांच्या चेंबरमध्ये मात्र नवऱ्यानं ते आपणहून सांगितलं. डॉक्टर वयस्कर होते. आम्ही मराठी म्हटल्यावर "म्हणजे खंदकापलीकडचे" म्हणून हसले. जुन्या काळी मराठ्यांच्या भीतीनं खणलेला खंदक याच भागात सुरू होत होता, आणि मराठी माणूस भेटला की इथल्या माणसाला तो आठवतोच. मुलीच्या मानेवर त्यांनी भिंग धरलं आणि हसणं थांबलं. बराच वेळ बघत राहिले. मग दोन्ही काखा बघितल्या. मग आम्हा दोघांकडे वळून हिंदीत विचारलं, "लग्नाआधी तुमचं काही नातं होतं?"

"माझ्या मामाची मुलगी," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी ऐटच होती.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी काही टोमणा मारला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मानेवरच्या कातडीचा एक कण कापून तपासायला पाठवायचं ठरलं. रिपोर्ट आल्यावर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: स्यूडोझँथोमा इलॅस्टिकम. मी ते तीनदा विचारलं. ते नाव पाठ झालं की आजार निम्मा कमी होईल, असं मला का वाटत होतं कोण जाणे.

त्यांनी समजावलं ते असं. कातडीच्या आतल्या थरात रबरासारखे धागे असतात. म्हणून कातडी ओढली की परत जागेवर बसते. हिच्या त्या धाग्यांवर कॅल्शियम साचतं, धागे कडक होतात आणि तुटतात. त्यामुळे मान अशी दिसते. सदोष वारसा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडून आला तर काही होत नाही. नात्यात लग्न झालं असेल तर दोघांकडे तोच दोष असण्याची शक्यता वाढते. फार थोड्या लोकांना होतो हा आजार.

"मानेची काळजी करू नका," ते म्हणाले. "तशाच जातीचे धागे डोळ्याच्या पडद्याखालीही असतात. तिथे भेगा पडतात. पुढे कधी त्या भेगांतून नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या, त्यातून पाझर झाला किंवा रक्त आलं, तर मधली नजर जाऊ शकते. हे सहसा या वयात होत नाही, पुष्कळ पुढे, चाळिशीच्या आसपास होतं. पण लक्ष ठेवायचं. डोक्याला, डोळ्याला मार लागू द्यायचा नाही. आणि तुम्ही दोघांनीही एकदा तपासून घ्या."

त्यातलं "मधली नजर जाऊ शकते" एवढंच मी घरी घेऊन आले. चाळिशी वगैरे तिथेच राहिलं. नवऱ्याला मी पुढच्याच शनिवारी तपासायला पाठवलं. त्याचं सगळं ठीक निघालं. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते, थंडी होती, शालीतून मान काढायचा कंटाळा होता. माझं बघू नंतर, म्हटलं. आईला असं म्हणायला फार सोपं जातं आणि कुणी अडवतही नाही.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, भराभर बोलणाऱ्या. मुलीच्या डोळ्यांत भेगा आहेत पण सगळं शांत आहे, असं त्या म्हणाल्या. त्यांनी एक तक्ता दिला. वहीच्या चौकटींसारख्या उभ्या-आडव्या रेघा आणि बरोबर मध्ये एक काळा ठिपका. रोज एक डोळा झाकायचा आणि उघड्या डोळ्यानं ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ दिसायला हव्यात. कुठे वाकलेल्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला, तर थांबायचं नाही, ताबडतोब यायचं. उशीर झाला तर गेलेली नजर परत आणणं कठीण असतं.

तो तक्ता मी फ्रिजच्या दारावर लावला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ म्हणजे परीक्षा झाली. चहा गॅसवर ठेवायचा, मुलीला फ्रिजसमोर उभं करायचं. "डावा झाक. ठिपक्याकडे बघ. रेघा कशा आहेत?"

"सीधी आहेत."

मुलीचं मराठी असं आहे. घरात आम्ही मराठी बोलतो, पण दिवसभर बंगाली, हिंदी, इंग्रजी ऐकून तिच्या तोंडात काहीतरी मिसळतंच. एरवी मी दुरुस्त करते. त्या दिवसांत "सीधी" हा शब्द ऐकला की मला पुढे दिवस ढकलता यायचा, म्हणून तो मी तसाच राहू दिला.

शाळेत फळ्यावर आलेख काढतानाही माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. बसमध्ये कुणाची छत्री तिच्या चेहऱ्यासमोर आली असेल का, मैदानात चेंडू लागला असेल का. गणपतीत मंडळात मुलींच्या फुगड्या बसवल्या होत्या. हिला फुगडी फार आवडायची, हातात हात अडकवून मान मागे टाकून गरगर फिरायची. मला त्यातली फक्त पडणारी मुलगी दिसत होती, डोकं फरशीवर आपटणारी. कार्यक्रमाच्या ऐन वेळी, पदर खोचून झाल्यावर, मी तिला रांगेतून बाजूला काढलं. सगळ्यांच्या देखत. तिनं खोचलेला पदर सोडला. घरी येऊन नऊवारी पलंगावर फेकली आणि म्हणाली, "तू माझे डोळे नाही बघत, आई. तू मला बघतच नाहीस."

दुसऱ्या दिवशी फ्रिजसमोर तिनं डोळा झाकला आणि मी प्रश्न विचारायच्या आत "सीधी" म्हणून निघून गेली. ती ठिपक्याकडे नव्हे, पंख्याकडे बघत होती, हे मी बघितलं होतं.

जी गोष्ट ताडून बघायची ती ताडणारी फक्त तीच, आणि तीच आता खोटं सांगणार. तिच्या डोळ्यांतून मला बघता येत नव्हतं. नवरा म्हणाला, थोडे दिवस तिला सोड. तो बराकपूरच्या गाडीत बसून शांतपणे झोपून जाऊ शकतो, त्याला सोडणं जमतं.

मग एका सकाळी माळ्यावरचा डबा काढताना माझ्या हाताला ठिपक्यांचा कागद लागला. माहेरी, कऱ्हाडला आईनं दिलेला, जाडसर, उदबत्तीनं भोकं पाडलेला. जमिनीवर ठेवायचा, वरून रांगोळी पसरायची, हातानं सारखी करायची आणि कागद अलगद उचलायचा. खाली ठिपके उठतात, एका ओळीत, एका अंतरावर. मग चिमटीनं त्यांना रेघांनी जोडायचं. उभ्या आडव्या रेघा, मध्ये ठिपका. मी तो कागद हातात धरून बराच वेळ माळ्याखालच्या स्टुलावरच उभी राहिले. ज्याची नजर वाकडी झाली असेल त्याचा हात सरळ रेघ कशी ओढेल?

मुलीला मी सांगितलं, की आता दिवाळी येते आहे, दारात रोज रांगोळी काढ, आपल्याकडे मुलींना यायला हवी. मला वाटलं होतं नकार देईल. ती तयार झाली. नंतर मला कळलं, की फुगडीच्या जागी मी काहीतरी दिलं, असं तिला वाटलं होतं.

आमच्या दारासमोरचा जिन्याचा चौथरा लाल सिमेंटचा आहे, गुळगुळीत, रांगोळीला उत्तम. खाली मासीमांच्या उंबऱ्यावर कोजागरीला आल्पना काढलेली असते, तांदळाच्या पिठाचं पाणी, बोटानं, मोकळ्या हातानं. वेली, पावलं, धानाच्या लोंब्या. एक रेघ सरळ नसते आणि सगळं कसं डौलदार दिसतं. वर येऊन आमची रांगोळी बघून त्या हिंदीत म्हणाल्या, "बेटी, ये तो अंक का खाता लग रहा है." गणिताची वही. मुलगी हसली. मी पण हसले, पण मी तोवर खाली वाकून तिची तिसरी उभी रेघ तपासत होते.

रोज ती शाळेला गेली की मी दारात बसायचे आणि रेघांवरून नजर फिरवायचे. एक एक रेघ, डावीकडून उजवीकडे. आधी तिचा हात थरथरायचा, चिमूट जाड पडायची. मग हात बसला. रेघा नीट येऊ लागल्या. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि रेघा सरळ होत्या. त्या काही दिवसांत मला बऱ्याच दिवसांनी भूक लागू लागली. फसवणूक होती ती, हे मला कळत होतं, पण तिचे डोळे वाचणार असतील तर माझी काही हरकत नव्हती.

दिवाळीच्या पहिल्या पहाटे, इथे लोक कालीपूजेच्या तयारीत असतात तेव्हा, आम्ही अभ्यंगस्नान उरकलं. मुलीनं मोठी रांगोळी घातली. कागद दोनदा सरकवून ठिपक्यांची मोठी जाळी पाडली, मग शांतपणे, तोंडातल्या तोंडात मोजत रेघा जोडल्या. मी करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि रोजच्या सवयीनं डावीकडून बघायला सुरुवात केली.

मधल्या रेघा वाकलेल्या होत्या.

थोड्याशा. पण वाकलेल्या. मधल्या ठिपक्याच्या उजव्या अंगाला दोन-तीन उभ्या रेघा आत ओढल्यासारख्या दिसत होत्या, गादीवर कुणी कोपर टेकवल्यावर चादरीच्या रेघा ओढल्या जातात तशा. माझ्या हातातलं ताट मी उंबऱ्यावर ठेवलं. ठेवलं की टाकलं, आठवत नाही. काही करंज्या जिन्यावरून खाली गेल्या.

"कधीपासून असं दिसतंय तुला?" मी विचारलं.

"काय?"

"खोटं बोलू नकोस. कधीपासून?"

"काय दिसतंय, आई?"

"ही रेघ. ही बघ. ही. वाकडी आहे."

ती रांगोळीकडे बघत राहिली. "सीधी आहे," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून हळू म्हणाली, "खरंच सीधी आहे."

माझा आवाज चढला. तो चढला की मला आवरत नाही, वर्गातली मुलंही घाबरतात. मी काय काय बोलले. डॉक्टरांनी सांगितलं होतं थांबायचं नाही, तू लपवलंस, तुला आंधळं व्हायचंय का. आंधळं हा शब्द मी इतके महिने मनातसुद्धा घेतला नव्हता, तो सणाच्या दिवशी जिन्यात तिच्या तोंडावर फेकला. आवाज ऐकून नवरा अर्धी दाढी झालेल्या चेहऱ्यानं बाहेर आला. खालून मासीमा कठडा धरून दोन पायऱ्या वर आल्या. नवऱ्यानं रांगोळी बघितली आणि म्हणाला, "सरळ आहे गं." मला वाटलं, नेहमीसारखं मला शांत करायला म्हणतो आहे. मासीमांकडे बघितलं, तर त्याही मान हलवत होत्या. सगळे एक झाले आहेत आणि मी एकटीच त्या मुलीच्या बाजूनं उभी आहे, असं मला वाटलं.

"थांबा," मी म्हटलं. आत जाऊन माझी शाळेची फूटपट्टी आणली. स्टीलची, फळ्यावर आकृत्या काढायला वापरते ती. आता दाखवतेच सगळ्यांना. मी गुडघ्यांवर बसले, रांगोळी विस्कटणार नाही अशी फूटपट्टी मधल्या रेघेला लावून धरली आणि बघितलं.

फूटपट्टी वाकलेली होती.

मी ती उचलली. हातात धरली तर मधे खाच. दाराच्या चौकटीकडे बघितलं, चौकट ठीक होती, मग मान जरा वळवली आणि चौकटही आत गेली. मी तशीच बसून राहिले. मुलगी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, आणि इतके महिने मी जे तिला सांगत होते ते तिनं मला सांगितलं. "आई, डावा झाक."

मी डावा डोळा झाकला. उजव्या डोळ्यानं बघितलं तर ठिपक्याजवळच्या रेघा चक्क खचलेल्या होत्या आणि ठिपक्याच्या कडेला एक करडा डाग होता.

"आता उजवा."

उजवा झाकला. रांगोळी सरळ होती. अगदी सरळ. इतकी नीट रांगोळी मी तिच्या वयात कधी काढली नव्हती.

तेव्हा मी हसले. मुलगी घाबरली, नवऱ्यानं माझा दंड धरला, त्यांना वाटलं मला काहीतरी झालं. त्यांना कसं सांगू, की त्या क्षणी मला पहिल्यांदा नुसतं हायसं वाटलं. वाकडी रेघ माझी होती. तिची नव्हती. भीती मागून आली, जिना उतरताना, पण आधी ते आलं, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

सुट्टीचा दिवस असूनही डोळ्यांच्या डॉक्टर बाईंनी लगेच बोलावलं. डोळ्यांत थेंब घालून तपासलं. मग खुर्ची मागे सरकवून मला म्हणाल्या, "गळ्याभोवतीची ओढणी जरा काढता?"

मी काढली. त्यांनी मंगळसूत्र दोन बोटांनी उचललं आणि दिवा जवळ आणला.

"हे कधीपासून आहे?"

"असंच आहे," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं. मुलगी कोपऱ्यात उभी होती, तिनंही ऐकलं. "लग्नापासून. मंगळसूत्राचा घट्टा आहे."

"आणि काखेतही आहे?"

काखेत होतंच. पण काखेतल्या खडबडीला मी आयुष्यात कधी नाव दिलं नव्हतं. काखेत मंगळसूत्र नसतं, एवढं गणित मला पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत सुचलं नाही. आणि आत्याच्याही मानेला घट्टा होता म्हणे. तिला उतारवयात मधलं काही दिसत नसे, माणसाचा चेहरा बघायला ती मान तिरकी करायची. आम्ही ते म्हातारपणाचा मोतीबिंदू म्हणून सोडून दिलं. आता ती नाही, विचारणार कुणाला.

माझ्या आई-वडिलांकडून मला दोन्ही दोष आलेले; त्यातला एक माझ्याकडून मुलीला, आणि दुसरा तिला नवऱ्याकडून. आमच्या घरात लोक बाहेर जातच नव्हते, मग दोष तरी कुठून बाहेर जाणार. गाडीत मुलीनं विचारलं, "म्हणजे हे तुझ्याकडून आलं?" मी हो म्हटलं. मला लाज वाटली. नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "दोघांकडून." त्या दिवशी मला त्याचा फार आधार वाटला, आणि त्याची अर्धी दाढी तशीच राहिली आहे हेही मला तेव्हाच दिसलं.

डोळ्यात इंजेक्शन घेतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण ते सुन्न करून देतात आणि लवकर होतं. एक झालं, मग आणखी झाली. पाझर थांबला. वेळेवर आलात, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. मी तक्ता कधी स्वतःसाठी बघितलाच नव्हता, तर वेळ कशी साधली, असं त्यांनी विचारलं. मुलीनं उत्तर दिलं, "मी रांगोळी काढली होती." त्यांना काही कळलं नाही. त्यांना समजावत बसायला आमच्याकडे वेळ नव्हता, माझ्या डोळ्यात थेंब घालायचे होते.

त्याच रात्री जेवताना मी मुलीला सगळं सांगितलं, रांगोळी का काढायला लावली ते. ती रुसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, तिला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. ती शाळेला निघाल्यावर एकदा छत्री विसरली म्हणून परत आली होती, तेव्हा मी दारात उकिडवी बसून रेघेवर बोट धरून बघत होते. "मग काढत का राहिलीस?" मी विचारलं.

"तू जेवायला लागली होतीस," ती म्हणाली.

यावर्षी गणपतीत तिनं फुगडी घातली. डॉक्टर बाईंना विचारून, खाली गादी घालून, हात घट्ट धरणारी मैत्रीण निवडून. मी समोर बसले होते. अर्धा वेळ मी डोळे मिटून घेतले होते, दोन्ही, पण तिला रांगेतून काढलं नाही.

तिचे डोळे शांत आहेत. माझ्या उजव्या डोळ्यात ठिपक्याजवळ एक छोटी खाच राहिली आहे, ती जाणार नाही म्हणतात. ती वाढते का, एवढं बघायचं. आता कॉलेजला निघण्याआधी मुलगी मला फ्रिजसमोर उभं करते. चहा गॅसवर असतो. तिची बॅग खांद्यावर असते, मेट्रो चुकेल अशी वेळ असते, तरी ती माझ्या पापण्यांकडे टक लावून बघते, मी ठिपक्याकडे बघते आहे की दुसरीकडे. तिच्या कपाळावर मधोमध एक आठी पडते. ती मला ओळखीची आहे, शाळेत शिकवायला निघताना आरशात माझ्याच कपाळावर रोज दिसायची. हीसुद्धा माझ्याकडूनच गेली असणार, आणि हिच्यासाठी कुठली तपासणी नाही.

परवा खाच किंचित मोठी वाटली. वाटली, की होती, मला सांगता आलं नाही. तिची त्या दिवशी परीक्षा होती.

"सीधी?" तिनं विचारलं.

"सीधी," मी म्हटलं.

ती दारापर्यंत गेली, चपला घातल्या, आणि परत आत आली. बॅग खाली ठेवली. माझा डावा डोळा तिनं स्वतःच्या तळहातानं झाकला आणि म्हणाली, "आता नीट बघून सांग, आई."